केरबाला न पटलेले पिक्चर

टाकव्याच्या चौकात सुहासचं सलून आहे. दोन खुर्च्या, एक बाक, भिंतभर आरसा आणि आरशाच्या वर टीव्ही. दुपारी गिऱ्हाईक नसतं. तेव्हा टीव्हीवर पिक्चर चालू असतो. दाढी असो वा नसो, बाकावर केरबा असायचाच.

केरबानं जन्मभर ओझी वाहिली. आधी लोणावळ्याच्या बाजारात हमाली, मग आंबीच्या कंपन्यांत ट्रक भरणं आणि उतरवणं. तांदूळ, खत, सिमेंट, लोखंडाच्या पेट्या. मानेमागे घट्टा पडला तो काम सुटल्यावरही गेला नाही. सुहास तिथं वस्तरा फिरवताना हात हलका करायचा. गुडघे गेले तेव्हा काम सुटलं. मुलगा गौरव तळेगावात टेम्पो चालवायचा, सून यशोधरा आंबीच्या कंपनीत पॅकिंगला होती. घरी बसून केरबाला करमेना. म्हणून तो सलूनमध्ये बसू लागला, आणि पिक्चर बघू लागला.

पिक्चर तो कामगारासारखा बघायचा. गोष्ट कुणाची, नट कोण, गाणी किती, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पडद्यावर कुणी काही उचललं की तो बाकावरून पुढं वाकायचा.

"रिकामं हाय," तो म्हणायचा.

"काय रिकामं, आबा?" सुहास मुद्दाम विचारायचा.

"पोतं. मान बघ त्याची. बगळ्यावानी ताठ. न्हाई पटलं."

त्याचा निकाल दोनच शब्दांत लागायचा. पटलं, नाहीतर न्हाई पटलं. पटलं हा शब्द क्वचित यायचा.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्र्यंबक गुरुजी बसायचे. गावच्या शाळेतून निवृत्त झालेले, रुमाल जवळ ठेवून पिक्चर बघणारे. त्यांना गोष्ट लागायची. आई मुलगा दुरावले, भाऊ भाऊ भेटले, की गुरुजींचा रुमाल निघालाच. सुहासला मारामाऱ्या लागायच्या. दक्षिणेकडचा एक पिक्चर होता, त्यात हिरो एका हातानं मोटारसायकल उचलून फेकतो. सुहासनं तो इतक्यांदा बघितला होता की मोटारसायकल उडायच्या आधी तोच तोंडानं आवाज काढायचा. केरबाला त्या पिक्चरचा राग नव्हता. तो म्हणायचा, "त्यो खोटं हाय म्हनून सांगूनच खोटं बोलतोय. त्येला माफ. खरं म्हनून खोटं दावनाऱ्याचं मला न्हाई पटत."

एकदा पडद्यावर एक भाऊ जखमी भावाला पाठीवर घेऊन डोंगर चढत होता. गुरुजींच्या डोळ्याला धार लागली होती.

"काय काम केलंय!" गुरुजी म्हणाले.

"काम त्यो वरचा करतोय, गुरुजी," केरबा म्हणाला. "पाठीवरचा. सवताचं अंग सवताच उचलून धरलंय बघा त्यानं. खालच्याला भार नगं म्हनून. खालचा नुसता त्वांड वाकडं करतोय."

"अहो, भाऊ मरतोय त्याचा! आणि तुम्ही वजन कसलं बघता?"

"मेल्यालं मानूस तर आनखी जड आसतं."

गुरुजींनी रुमाल खिशात घातला. "तुमच्यासोबत पिक्चर बघणं म्हणजे जेवताना खडा लागण्यासारखं आहे, केरबा."

ही खोड त्याला लोणावळ्यात लागली. तरुणपणी एकदा बाजाराजवळ शूटिंग होतं आणि हमालांच्या गर्दीत उभं राहायला खरे हमाल बोलावले होते. हिरोच्या पाठीवर पोतं ठेवायचं काम केरबाकडं आलं. त्यानं सवयीनं पाय रोवले, कंबर सावरली आणि पोतं उचललं. पोतं डोक्याच्या वर गेलं. आत थर्माकोल होता. हिरोनं ते पाठीवर घेतलं, 'हाय रे देवा' असा चेहरा केला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केरबा मात्र दिवसभर आपल्या हातांकडं बघत राहिला होता.

तरी सगळेच पिक्चर त्याला नापसंत होते असं नाही. गौरवनं एकदा मोबाइलवर एक बक्षीस मिळालेला पिक्चर दाखवला होता. दगडखाणीतल्या लोकांचा. हिरो केरबाला पटला नाही. पण एका ठिकाणी हिरो पुढं उभा राहून बोलत होता आणि मागं, धुळीत, एक माणूस पाटी टाकून उभा राहिला. त्यानं घाम पुसला नाही. आधी हाताची बोटं एकेक सरळ केली, मग कमरेवर हात ठेवून वर बघितलं. केरबानं मोबाइल थांबवायला लावला. "ह्यो," तो म्हणाला. "ह्यो एकला खरा." तो कोण, हे पिक्चरच्या शेवटी नावांच्या पाट्या वर सरकताना कुठंच आलं नाही. केरबानं पुरत्या बघितल्या.

संध्याकाळी घरी गेला की सरूबाई भाकरी थापता थापता विचारायची, "आज काय बघितलंत?"

सरूबाई त्याची बायको. पिक्चर बघायला तिला कधी सवड झाली नाही. लग्नानंतर एकदाच तो तिला लोणावळ्याच्या थेटरात घेऊन गेला होता. बाहेर आल्यावर ती म्हणाली होती, "त्या बाईचं पोरगं एकदा बी रडलं न्हाई. एवढी भांडनं झाली, घर जळलं, तरी निजल्यालंच. आसं पोर आसतंय व्हय?" तिचं पिक्चरबद्दलचं मत तेवढंच. त्यापुढं ती केरबाचीच मतं ऐकायची. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली चूल, चुलीपुढं ती आणि भिंतीला टेकून केरबा.

"मंग खरं वझं कसं दिसतं?" ती विचारायची.

आणि केरबा सांगायचा. मन लावून सांगायचा, कारण हे त्याला कुणी विचारलेलं नव्हतं. भार आला की आधी मान आत जाते. पाऊल टाच टेकवून पडत नाही, सबंध पडतं. भार असलेला माणूस मान वळवत नाही, अंगच वळवतो. पाऊल टाकताना बोलत नाही. थांबतो, मग बोलतो. आणि ओझं उतरलं की हात आधी कमरेवर जातो, घामाकडं नाही.

"आनि श्वास?" सरूबाईनं एकदा विचारलं.

"श्वास त्वांडानं न्हाई सोडायचा. नाकानं. त्वांडानं हाफतंय ते नाटक."

सरूबाईनं भाकरी उलटली. "आसं व्हय," म्हणाली.

त्या वेळी तिला धाप लागू लागून बरेच महिने झाले होते. हे केरबाला नंतर कळलं. शेजारच्या रतनबाईला आधी कळलं, कारण पाण्याला दोघी बरोबर जायच्या. वरच्या आळीत नळ होते, पण पाणी तिथवर क्वचितच चढायचं. चौकापलीकडच्या सार्वजनिक नळावरून हंडे आणावे लागत. गौरव म्हणाला होता, पाइपाला मोटार लावू. केरबानं झिडकारलं होतं. "मोटार लावून दुसऱ्याचं पानी वढायचं? घरात मानसं न्हाईत का?" माणसं म्हणजे सरूबाई. यशोधरा पहाटेच कंपनीच्या बसनं जायची.

एक दिवस नळावर सरूबाई हंडा उचलता उचलता खालीच बसली. ओठ निळे झाले होते. रतनबाईनं तिला बारशाला जातो असं सांगून तळेगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण म्हणाली, हृदयाची झडप खराब आहे. लहानपणीच्या तापानं झाली असावी. वजन उचलायचं नाही, पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं, आणि पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन या.

बाहेर आल्यावर रतनबाई म्हणाली, "सांग आता भाऊंना."

"काय सांगू?" सरूबाई म्हणाली. "त्यांना कुनाचं दुखनं पटलंय आजवर?"

ते खोटं नव्हतं. केरबानं बरोबरीचा कुणी पाठ धरून बसला की त्याला कामचोर म्हटलेलं होतं. स्वतःच्या गुडघ्यांनाही तो तेच म्हणायचा. वजन सांगू नये, उचलावं, असं त्याचं म्हणणं. पण सरूबाईचं कारण तेवढंच नव्हतं. यशोधरा कंपनीत कायम व्हायच्या बेताला आली होती. सासू बसली तर सून नोकरी सोडणार, हे सरूबाईला दिसत होतं. घरातली पहिली बाई जी पाणी आणि सरपण सोडून दुसऱ्या कामाला गेली होती, ती परत हंड्याखाली येणार. ते तिला नको होतं.

म्हणून ती निम्मा हंडा भरू लागली. निम्मं पाणी चालताना डुचमळतं, आवाज करतं. त्यावर तिनं सागाचं पान टाकलं. पान पाण्यावर बसलं की पाणी गप्प होतं. केरबानं विचारलं तर म्हणाली, धूळ पडते. उरलेल्या पाण्यासाठी ती जास्त खेपा करायची, आणि काही हंडे रतनबाई आपल्या हंड्यांबरोबर आणून ओतायची. नळाहून वरच्या आळीला जायचा रस्ता सलूनपुढून जातो. तेवढा तुकडा सरूबाई केरबानं सांगितल्याप्रमाणे चालायची. मान आत. सबंध पाऊल. नाकानं श्वास. कोपरा वळला की विहाराच्या पायरीवर बसायची आणि तोंड उघडून हवा ओढायची. रतनबाई पाठ चोळायची.

"पडशील हितंच एक दिवस," रतनबाई म्हणायची. "मी सांगनार हाय भाऊंना."

"सांगितलंस तर तुझ्या दारात पाय ठेवायची न्हाई."

असं वर्ष उलटलं. पुण्याचा डॉक्टर राहिलाच. बारशी तरी किती सांगणार?

दुसऱ्या उन्हाळ्यात, वैशाखात, दुपारी सलूनमध्ये एक पिक्चर लागला. दुष्काळी गावातल्या दोन बहिणींचा. थोरली धाकटीला शिकवते, आपण मागं राहते. गुरुजी सुरुवातीपासूनच रुमाल काढून बसले होते. केरबाला पिक्चर बरा वाटत होता. चुलीतला धूर खरा होता, बाई खोकताना तोंड फिरवत होती. मग थोरली बहीण पाण्याला गेली.

"आबा, हंडा आला," सुहासनं हाक दिली.

केरबा पुढं वाकला. पडद्यावरची बाई डोक्यावर हंडा घेऊन टेकडी उतरत होती. मागं वळून धाकटीला काहीतरी म्हणाली, हसली, हंड्याला हात न लावता पुढं चालू लागली.

"रिकामा," केरबा म्हणाला. "मान वळवली बघ. न्हाई पटलं."

"आता तिनं रडत चालावं का?" गुरुजी म्हणाले.

"रडू नगं, हासू बी नगं. कसं चालत्यात ते..." आणि केरबाला खाली आरशात रस्ता दिसला. रस्त्यावर सरूबाई येत होती. डोक्यावर हंडा, शेजारी रतनबाई. त्यानं बोट आरशाकडं केलं. "ह्ये बघा. ह्याला म्हंत्यात भरल्या हंड्याची चाल. बघून घ्या, गुरुजी."

गुरुजींनी बघितलं, सुहासनंही हातातली कात्री खाली केली. वर टीव्हीत एक बाई चालत होती, खाली आरशात दुसरी. सरूबाईची मान आत गेलेली होती. पाऊल सबंध पडत होतं. रतनबाई काहीतरी म्हणाली तेव्हा सरूबाईनं मान वळवली नाही, अंग वळवलं. थांबली, मग बोलली.

"बरोबर आहे बुवा," गुरुजी म्हणाले. "फरक दिसतो."

केरबाचं बोट मात्र तसंच राहिलं. आरशात होतं ते सगळं बरोबर होतं. एकही गोष्ट सुटली नव्हती. त्यानं सांगितली होती तशी, त्याच क्रमानं. आणि सरूबाई अशी कधी चालत नव्हती.

त्याला लग्नानंतरची सरूबाई आठवली. डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, कडेवर गौरव, आणि मागं वळून रतनबाईशी भांडण चाललेलं. हात हवेत. पाणी काठोकाठ आणि थेंब सांडत नाही. तेव्हा तिच्या डोक्यावर काही आहे हे तिच्या चालीवरून कळायचंच नाही. भरला हंडा ती असा न्यायची. आता आरशातून जी बाई गेली तिला ओझं दाखवायचं होतं.

केरबा उठला. गुडघा कडाडला. "आबा, अजून पिक्चर हाय," सुहास म्हणाला. केरबा पायरी उतरून चालू लागला होता.

कोपऱ्यापलीकडं विहाराच्या पायरीवर सरूबाई बसली होती. तोंड उघडं, डोळे मिटलेले, गळ्याच्या खळगीत काहीतरी फडफडत होतं. रतनबाई पाठ चोळत होती. केरबाला बघून तिचा हात थांबला. हंडा बाजूला ठेवलेला होता. केरबानं वाकून काठ धरला आणि उचलला. भरल्या हंड्याच्या बेतानं त्यानं जोर लावला होता. हंडा झटक्यात वर आला, पाणी उडालं, आणि सागाचं ओलं पान त्याच्या सदऱ्याला चिकटलं.

त्याला लोणावळ्याचं ते पोतं आठवलं.

"सुटला का पिक्चर?" सरूबाईनं विचारलं. तेवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं.

"कवापास्नं?"

"गेल्या उनाळ्यापास्नं."

"मला न्हाई दिसलं."

"दिसावं कसं? तुमीच शिकवलं की."

"सरू, मला सांगायचं व्हतं गं."

उत्तर रतनबाईनं दिलं. तिनं सगळं सांगितलं, डॉक्टरीण, झडप, खेपा, खोटी बारशी. बोलता बोलता रडली आणि शेवटी चिडली. "रोज तुमच्या नाकासमोरून नेत व्हते मी हिला. जगाच्या पिक्चरचं खोटं धरता न्हवं, भाऊ!"

केरबानं ते पान सदऱ्यावरून काढलं. कुठं टाकावं ते त्याला कळेना. हातातच धरून तो उभा राहिला.

मग पुण्याच्या फेऱ्या झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी मशीन लावून बघितलं आणि गौरवला बाहेर बोलावलं. हृदय फार मोठं झालं होतं, फुप्फुसांवर ताण आला होता. आधी आला असता तर झडप बदलता आली असती, आता ऑपरेशन झेपणार नाही, गोळ्यांवर जितकं निघेल तितकं. गौरव भिंतीला टेकून रडला. यशोधरा रडली नाही. घरी आल्यावर सासूसमोर उभी राहून म्हणाली, "मी नोकरी सोडली असती, आई. एका दिवसात सोडली असती. मला का नाही सांगितलंत?"

"म्हनूनच न्हाई सांगितलं," सरूबाई म्हणाली.

पाणी केरबा आणू लागला. टाकव्यात पुरुष सायकलला कॅन अडकवून पाणी आणतात, पण गुडघ्यांमुळं त्याला सायकल जमत नव्हती. हंडा डोक्यावर त्याला पेलेना. पोत्यांची मान वेगळी, हंड्याची वेगळी. तो खांद्यावर घेऊन यायचा. निम्मं पाणी पाठीवर सांडायचं. नळावरच्या बायका पहिल्या दिवशी हसल्या, मग हसायच्या थांबल्या आणि त्याला पुढं सोडू लागल्या. हे त्याला हसण्यापेक्षा वाईट वाटलं. सलूनपुढून जाताना तो आत बघत नसे. सुहास टीव्हीचा आवाज बारीक करायचा.

सरूबाई उंबऱ्यात बसून तो येताना बघायची.

"खांदा वाकडा," ती म्हणायची. "पाऊल बी तिरकं. न्हाई पटलं."

"गप बस."

"पानी कमी न् आंघोळ जास्ती."

ती हसायची आणि हसण्यानंच धाप लागायची. मग दोघं धाप उतरायची वाट बघायचे.

दुपारी आता ते घरीच पिक्चर बघू लागले. गौरवनं जुना मोबाइल ठेवला होता, तो डब्याला टेकवून. सरूबाईनं एका पावसाळ्यात अख्ख्या जन्माचे पिक्चर बघितले. तिची मतं केरबाच्या मतांशी जुळायची नाहीत. तिला कुणाचं खोटं धरायचं नव्हतं. "ती बाय सकाळपास्नं उनात हुबी आसल," म्हणायची. "हंडा रिकामा तर रिकामा. तिला कशाला हो त्रास?" तिला वेगळंच खटकायचं. एवढं मोठं घर दाखवलं, पण झाडताना कुणी दिसलं नाही. हिरॉइन रुसून निघून गेली, मग चुलीवरचं कालवण कुणी उतरवलं? आवडायचं तेही वेगळंच. एका पिक्चरमध्ये म्हातारी सासू सुनेच्या डोक्यातलं गवत काढते, एवढीशी जागा. तीच तिनं मागं करून पुन्हा बघितली. बाकी पिक्चर टुकार होता.

दोन बहिणींचा तो पिक्चरही त्यांनी बघितला. थोरली टेकडी उतरू लागली तशी सरूबाईनं केरबाकडं बघितलं.

"काय, रिकामा का भरल्याला?"

केरबा मोबाइलजवळ वाकला. "मला आता सांगता येत न्हाई," तो म्हणाला.

"भरल्याला हाय. बघा की, कशी मजेत चालली."

एकदा आजारी बायकोचा पिक्चर लागला. पांढऱ्या चादरीवर ती पडलेली, ओठ रंगवलेले, नवऱ्याचा हात धरून बोलतेय, गाणंही म्हणतेय. केरबानं बंद करायला हात पुढं केला.

"राहू द्या," सरूबाई म्हणाली. शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "मरताना एवढं बोलत्यात व्हय?"

"न्हाई."

"मला बी वाटलंच. दम कुटनं आनायचा?"

पावसाळा असा गेला. भात पिवळं पडलं तोवर तिचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. आडवं पडलं की गुदमरायची, म्हणून उशांना टेकून बसूनच झोपायची. डॉक्टर म्हणाले, भरती करा. ती नको म्हणाली आणि पहिल्यांदाच तिचं सगळ्यांनी ऐकलं.

भातकापणी चालू होती त्या दिवसांतली ती दुपार. आळी रिकामी होती. रतनबाई रानात, गौरव टेम्पोवर, यशोधरा कंपनीत. सरूबाईनंच तिला धाडलं होतं. दारातून कापलेल्या भाताचा वास येत होता. केरबा पाणी भरून आला, हंडा उतरवला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. सरूबाई त्याच्याकडं बघत होती. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली,

"आता बरं वाटतंया मला. सुहासकडं जाऊन या जरा, पिक्चर लागला आसल."

तोंडावर हसू होतं. हात मांडीवर सैल पडलेला. आवाज सपाट, कुठं कापला नाही. उन्हाळ्यात ती असं म्हणाली असती तर केरबा गेला असता.

तो तिथंच उभा राहून बघत राहिला. तिनं ते सबंध एका दमात म्हटलं होतं. गेल्या कित्येक दिवसांत ती तीन शब्दांवर थांबत होती. आणि आत्ता बोलायच्या आधी ती गप्प होती, ते दम साठवत होती. साठवलेला सगळा तिनं एवढ्यावर खर्च केला होता. चादरीखाली पायाची बोटं आवळलेली होती.

"जा की," ती म्हणाली. आता आवाज तुटला.

केरबानं स्टूल ओढलं आणि खाटेला लावून बसला.

"न्हाई पटलं," तो म्हणाला.

सरूबाईनं डोळे मिटले. "लय खवट..." म्हणाली, आणि पुढचं राहिलं. ओठांवरचं हसू तिनं काढून ठेवलं. श्वास जसा येत होता तसा येऊ दिला. तोंड उघडं, आवाज घरभर. केरबानं तिचा हात हातात घेतला. काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. उशी वर केली, पाठीला हाताचा टेका दिला. फोन करून गौरवला ये म्हणाला. तिच्या कपाळाला घाम होता तो पुसला. ती काही दाखवत नव्हती आणि काही लपवतही नव्हती. हे सगळं तो बघत बसला. तेवढंच त्याच्याकडून व्हायचं होतं.

ऊन उंबऱ्यातून मागं सरलं. श्वास लांब लांब पडू लागले. एक आला, त्यानंतरचा आला नाही.

चौकात कंपनीची बस थांबल्याचा आवाज आला. यशोधरा आता चढ चढून येईल. केरबा उठला नाही. सरूबाईचा हात त्याच्या हातात होता, आणि त्या हाताचं वजन आता सगळंच्या सगळं त्याच्यावर आलं होतं.